उत्तर क्लोंडाइकच्या काठी मोटरहोम: नदीकाठच्या मुक्कामाच्या नोंदी

वाहन: २४ फुटी जुने मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी), मालकीचे. घरातल्या वापरासाठी १२ व्होल्टची एक बॅटरी, इंजिनासाठी वेगळी. छपरावर १०० वॅटचे एक सौर पॅनेल, प्रोपेनवर चालणारे फर्नेस (आत गरम हवा सोडणारे यंत्र), शेगडी आणि फ्रिज. प्रवासी दोन: मी आणि धाकटा भाऊ. मुक्काम कॅनडातील युकॉन या केंद्रशासित प्रदेशात, डेम्प्स्टर महामार्गावरील टूमस्टोन उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये, उत्तर क्लोंडाइक नदीच्या काठी. तेथे वीजजोडणी नाही, आणि या नोंदी मुख्यतः त्यामुळेच लिहाव्या लागल्या.

१७ ऑगस्ट, व्हाइटहॉर्स

दिवसभर तपासणी. प्रोपेनची टाकी भरून घेतली (३८ लिटर मावले), टायरांची हवा पाहिली आणि पूर्ण आकाराची दोन जादा चाके बरोबर घेतली, कारण डेम्प्स्टरच्या खडीत शेल दगडाच्या धारदार कपच्या असतात आणि डेम्प्स्टर जेथे फुटतो तेथपासून ईगल प्लेन्सपर्यंतच्या सुमारे ३६९ किलोमीटरांत पेट्रोलपंप किंवा गॅरेज नाही.

घरच्या बॅटरीवर मीटर लावला तेव्हा १२.७ व्होल्ट दिसले आणि "बॅटरी उत्तम" असे मी वहीत लिहिले. ही या प्रवासातील पहिली आणि सर्वांत महागडी चूक होती. बॅटरीवर कोणताही भार नसताना घेतलेले हे माप ती किती भरली आहे याचा अंदाज देते, परंतु तिच्यात मुळात किती मावते हे सांगत नाही. सात वर्षे जुनी बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि तरीही तिची निम्मी क्षमता संपलेली असू शकते. फर्नेस, दिवे व पंप एकदम चालू करून अर्ध्या तासाने पुन्हा माप घेतले असते, तर पुढचे चार दिवस वाचले असते.

१९ ऑगस्ट, टॅचन क्रीक

व्हाइटहॉर्सपासून सुमारे २०० किलोमीटर. कारमॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्सजवळ थोडे थांबलो. रात्रीचे तापमान ९ अंश राहिल्याने फर्नेस जेमतेम तासभर चालले आणि सर्व काही सुरळीत वाटले. कॅम्पग्राउंडच्या शुल्कातच सरपण मिळते. शुल्क रोख देऊन पाकिटात घालायचे असते, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

२१ ऑगस्ट, डेम्प्स्टर

डॉसन गावाच्या अलीकडे सुमारे ४० किलोमीटरवर डेम्प्स्टर महामार्ग फुटतो आणि तेथून कॅम्पग्राउंड ७२ किलोमीटर आहे. ताशी ५० च्या वर गेलो नाही. तरीही पोहोचल्यावर मागचे दार उघडले तेव्हा अंथरुणावर, ताटल्यांत आणि कपाटांच्या आतही पिठासारखा बारीक फुफाटा बसलेला होता. चालत्या वाहनाच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. आम्ही मात्र उकडते म्हणून छपरावरची खिडकी उघडी ठेवली होती. त्यामुळे आतली हवा वरून निघून जात होती आणि तिची जागा भरून काढायला धूळ येत होती. यापुढे छपराची खिडकी बंद ठेवायची, मागच्या फटींवर रुंद टेप लावायचा आणि चालकापुढील पंखा बाहेरची ताजी हवा घेण्यावर ठेवून जोरात चालवायचा, म्हणजे आतला दाब थोडा वाढतो, असे ठरले. (परतताना हे करून पाहिले. धूळ पूर्ण थांबली नाही, पण झाडायला दोन तासांऐवजी वीस मिनिटे लागली.)

नदीकडची जागा मिळाली. वाहनाच्या दारापासून पाणी तीस पावलांवर, तळाचे गोटे स्पष्ट दिसावेत इतके स्वच्छ. काठची विलोची झुडपे पिवळी पडू लागली होती आणि वरच्या उतारांवरील खुरटी वनस्पती तांबडी झालेली होती. क्लोंडाइक हे नाव ज्या ट्रॉन्डेक शब्दावरून आले त्याचा संबंध हातोडीच्या दगडाशी आणि पाण्याशी आहे. येथील मूळ रहिवासी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोक सॅमन मासे अडवण्यासाठी नदीच्या पात्रात दगडांनी खुंट ठोकीत असत. त्या रात्री आम्हाला मात्र पाण्याच्या आवाजाशिवाय काहीही ऐकू येत नव्हते. ते सुख पहाटे तीनपर्यंत टिकले.

२२ ऑगस्ट, पहाटे ३.१०

थंडीने जाग आली. बाहेर उणे ३, आत ७. भाऊ आधीच उठून फर्नेसपाशी बसला होता. "दादा, पंखा फिरतोय, पण ऊब कुठे आहे?"

पंखा फिरत होता, ज्योत पेटत नव्हती. धुळीचा प्रवास ताजा असल्यामुळे आम्ही दोष धुळीवर ढकलला, फर्नेसचे झाकण काढले, ठिणगी पाडणारी काडी पुसली, सर्किट बोर्डाचे जोड काढून पुन्हा बसवले आणि त्यात जवळजवळ दोन तास घालवले. त्या दोन तासांत पंखा पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने बॅटरीत उरलेली वीजही संपवली. मग फ्रिजचा लाल दिवा लागला आणि गॅसची गळती ओळखणारा यंत्रघंटा चिरचिरू लागला. तीन वेगळी उपकरणे एकाच वेळी बिघडत नसतात, हे लक्षात यायला तेवढा पुरावा लागला. पंखा चालू असताना बॅटरीवर मीटर धरला: १०.४ व्होल्ट.

प्रकार असा असतो. फर्नेसमध्ये पंख्याच्या झोताने ढकलले जाणारे एक पातळ पाते असते. झोत पुरेसा असेल तरच ते कळ दाबते आणि नंतरच गॅसची झडप उघडते. हवा खेळत नसताना ज्योत पेटू नये यासाठीची ती सोय आहे. व्होल्टेज उतरले की पंखा फिरताना दिसतो, पण सावकाश. पाते पुरेसे हलत नाही, गॅस येत नाही आणि पंखा मात्र उरलीसुरली वीज खात राहतो. फ्रिज गॅसवर चालत असला तरी त्याची झडप उघडी ठेवणारा बोर्ड १२ व्होल्टवरच चालतो. टाकीत ३० लिटरांहून अधिक प्रोपेन शिल्लक असताना आमच्याकडे ना ऊब होती, ना फ्रिज, ना नळाला पाणी.

पहाटे पाच वाजता इंजिन चालू केले. अल्टरनेटरमुळे (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रामुळे) व्होल्टेज चढले आणि फर्नेस पहिल्याच झटक्यात पेटले. शेजारच्या तंबूतील माणसांची झोप आमच्यामुळे मोडली, त्याची लाज वाटली. इंजिन चालू असताना दोघांनीही जागे राहायचे, नदीकडील खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रघंट्याची कळ दाबून तो चालतो याची आधी खात्री करायची, एवढे पथ्य पाळले.

२२ ऑगस्ट, दिवसा

हिशेब मांडला, तो खरे तर व्हाइटहॉर्सलाच मांडायला हवा होता. फर्नेसचा पंखा सुमारे ७ अ‍ॅम्पिअर घेतो. उणे ३ च्या रात्री तो एकूण ५ तास चालतो, म्हणजे ३५ अ‍ॅम्पिअर-तास. फ्रिजचा बोर्ड, यंत्रघंटे, पंप व दिवे मिळून दिवसाला आणखी १४. एकूण ४९. बॅटरीवर ८५ लिहिले आहे. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा नियम धरला, तर नवी असतानाही तिच्यातून ४२ च मिळाले असते, आणि आमची नवी नव्हती.

प्रोपेनची चिंता मात्र अनाठायी होती. फर्नेस तासाला २०,००० बीटीयूचे आहे (बीटीयू हे उष्णतेचे एकक), प्रोपेनच्या एका लिटरात सुमारे २४,००० बीटीयू असतात, म्हणजे ज्योत पेटलेली असताना तासाला ०.८ लिटर. पाच तासांच्या रात्रीला ४ लिटर.

छपरावरचे पॅनेल पुसले. त्यावर बोट फिरवले तर रेघ उमटत होती. पुसल्यावर प्रवाह जवळजवळ दीडपट झाला. तरीही येथे, सुमारे ६४.५ अक्षांशावर, ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३६-३७ अंशांपेक्षा वर येत नाही. छपरावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलला थेट सूर्याकडे वळवलेल्या पॅनेलच्या निम्म्याहून थोडेच अधिक ऊन मिळते. दिवस १५ तासांहून मोठा आहे याचा मी आधी फार आनंद मानला होता, पण त्यातले सकाळ-संध्याकाळचे बरेच तास विलोची झुडपे आणि डोंगर खाऊन टाकतात.

२३ ऑगस्ट

रात्री फर्नेस लावले नाही. दोन-दोन पांघरुणे आणि गरम पाण्याच्या बाटल्या. सकाळी बाहेर चहासाठी ब्युटेनच्या डब्याची सुटी शेगडी काढली, ती पेटेना. शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. डबा कोटाच्या आत अर्धा तास धरून ठेवल्यावर चहा झाला. डॉसनला परत जायचे ठरले. तेथे बॅटरी मिळणार नाही असे समजले, पण व्हाइटहॉर्सहून मालट्रकने मागवता येईल.

२४ ते २७ ऑगस्ट, डॉसन

चार दिवस गेले. पहिले दोन नुसते वाट पाहण्यात.

गोल्फच्या गाडीत वापरतात तशा ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मागवल्या. एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्ट मिळतात आणि क्षमता २२० अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे निम्मी धरली तरी ११०. मागवण्यापूर्वी मी लांबी आणि रुंदी मोजली होती. उंची मोजली नव्हती. या बॅटऱ्या जुनीपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर उंच असतात आणि आमची पेटी पायरीखाली असल्याने वरचे झाकण बसेना. एका गॅरेजात पेटीचा तळ कापून खाली अँगलची नवी चौकट वेल्ड करून घेतली. त्यामुळे जमिनीपासूनची उंची तेवढीच कमी झाली, म्हणून उडणाऱ्या खडीपासून संरक्षणासाठी पुढे रबराचा जाड पडदा लावला.

यानंतरची चूक पुष्कळांच्या हातून होते असे गॅरेजवाल्याने हसत सांगितले. भावाने काळी तार ऋण समजून ऋण टोकाला लावली. येथील मोटरहोमांच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये बहुधा काळी तार धन आणि पांढरी ऋण असते. मोठी ठिणगी उडाली, आणि नंतर कळले की चार्जरमधील उलट जोडणीपासून वाचवणारे दोन्ही फ्यूज गेले. तेच फ्यूज उडाल्यामुळे बाकी काही जळले नाही. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली, शोधायला तीन तास, कारण दिवे आणि पंप व्यवस्थित चालत होते आणि फक्त बाहेरच्या विजेवरून चार्ज होणे थांबले होते.

१०० वॅटचे घडीचे एक पॅनेलही घेतले. त्याबरोबर आलेली तार बारीक आणि लांब होती व प्रवाहाचे नियंत्रण करणारा डबा पॅनेलच्या पाठीलाच होता. तो काढून बॅटरीजवळ बसवला आणि मधली तार जाड घातली. लांब बारीक तारेत जे व्होल्टेज गळते ते नियंत्रकाच्या अलीकडे, पॅनेलच्या बाजूला गळले तर चालते, पलीकडे, बॅटरीच्या बाजूला गळले तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

२८ ऑगस्ट, पुन्हा नदीकाठी

नदीकडची जागा गेली होती. दुसरी मिळाली, झाडीतली, परंतु पंधरा मीटरवर गोट्यांचा उघडा पट्टा होता. घडीचे पॅनेल तेथे सूर्याकडे तिरपे उभे केले आणि दर दोन तासांनी वळवले. दुपारी खोऱ्यातून वारा सुटला तेव्हा ते पालथे पडले. मग पायांना पिशव्या बांधून त्यांत गोटे भरले.

रात्रीचा खर्च ३२, इतर १४, एकूण ४६. दुसऱ्या दिवशी जमा: घडीचे २७, छपरावरचे १४. एकाच क्षमतेच्या दोन पॅनेलांतला हा फरक निव्वळ तिरपे ठेवण्याचा, वळवण्याचा आणि सावली टाळण्याचा आहे. तूट ५ अ‍ॅम्पिअर-तासांची, आणि पायवाटेच्या सुरुवातीपर्यंत वाहन नेऊन आणण्याच्या तासाभरात ती भरून निघते. जागेवर इंजिन घुरघुरत ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

२९ ऑगस्ट

फ्रिज थंड होईना. व्होल्टेज १२.५ होते, म्हणजे या वेळी दोष विजेचा नव्हता. पाणसळ ठेवून पाहिली तर वाहन एका बाजूला स्पष्ट कललेले होते. चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यांपैकी एक रात्रीतून ओल्या खडीत रुतला होता. या फ्रिजमधील द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली वाहून फिरत असल्याने वाहन समपातळीत नसेल तर तो थंड होत नाही, आणि तसाच फार काळ चालवला तर कायमचा बिघडतो. ठोकळ्याखाली रुंद फळी घातली. अर्धे दूध फेकावे लागले, तेही बाहेर ओतता येत नाही. अस्वलांमुळे खरकटे, भांडी, साबण, यांतले काहीही बाहेर ठेवायचे नसते आणि सांडपाणी टाकीतच साठवायचे असते. आमची ती टाकी पाण्याच्या टाकीपेक्षा लहान आहे. भांडी घमेल्यात धुऊन तेच पाणी शौचालयात वापरल्यामुळे ती नऊ दिवस पुरली.

३१ ऑगस्ट

रात्री उणे ६. फर्नेस साडेसहा तास चालले, एकूण खर्च ६०, सकाळी बॅटरी १२.३ वर. या बाजूने काळजी उरली नाही.

नळ मात्र कोरडा होता. पंप चालत होता, पाणी येत नव्हते. दुपारी बर्फ वितळले आणि बाहेरच्या कप्प्यातून धार लागली: बाहेरच्या बाजूस असलेल्या शॉवरची पितळी जोडणी रात्री गोठून तडकली होती. जवळजवळ २० लिटर पाणी कप्प्यात गेले आणि उष्णतारोधक थर भिजला. हा शॉवर आम्ही कधीही वापरला नव्हता आणि म्हणूनच त्यातले पाणी काढून टाकण्याचे सुचले नव्हते. नळी बंद करायला अर्ध्या इंचाची टोपणे जवळ नव्हती, तेव्हा पुढचे दिवस खाली बादली ठेवून पंप लागेल तेवढाच चालू केला. ज्या बाकाखाली पंप आहे त्याचे झाकण रात्री उघडे ठेवल्याने आतली ऊब तेथपर्यंत पोहोचली आणि पाणी पुन्हा गोठले नाही.

त्याच रात्री बारानंतर नदीवर हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसला. तो पाहत आम्ही तासभर दार उघडे ठेवले, त्याचा फर्नेसला पाऊण तास जास्त पडला.

२ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस. दोन्ही पॅनेल मिळून ११. शिल्लक पुरेशी असल्याने काही अडले नाही. पावसात वाहन रस्त्यावर नेले, हे मात्र चुकले. धूळ बसावी म्हणून डेम्प्स्टरवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ओला झाल्यावर त्याचा निसरडा राडा होतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. विजेवर सरकणारी पायरी त्यात अशी रुतली की मोटरचा फ्यूज गेला. छिन्नीने खरवडून आणि कोमट पाणी ओतून ती सोडवली व हाताने आत ढकलून तारेने बांधली. दिव्यांच्या काचा प्रत्येक थांब्याला धुवाव्या लागतात.

५ सप्टेंबर, डॉसन

सांडपाणी रिकामे केले, प्रोपेन ३१ लिटर भरले. अर्ध्या इंचाची दोन टोपणे घेतली, सात डॉलर. पाना घेऊन बसवायला दहा मिनिटे लागली. ती आधीपासून हत्यारांच्या डब्यात असती तर चार दिवस बादली उपसावी लागली नसती.

आधीच तपासणी केली असती तर यातला बराच भाग वाचला असता, असा खर्च कॅनेडियन डॉलरांत: बॅटऱ्या ५६०, त्यांची वाहतूक ६५, वेल्डिंग ९०, तारा व फ्यूज ४८, घडीचे पॅनेल २६०, कॅम्पग्राउंड ते डॉसन जादा फेरीचे पेट्रोल ११८. एकूण १,१४१. वाया गेलेले दिवस चार, आणि एक रात्र.

राहिलेली कामे: भिजलेला उष्णतारोधक थर बदलणे, पायरीची मोटर काढून धुणे, नव्या बॅटऱ्यांतील पाण्याची पातळी महिन्याने पाहणे. एक काम मात्र निघण्यापूर्वीच केले. बॅटरीच्या पेटीतील काळ्या तारेला दोन्ही टोकांशी लाल टेप गुंडाळला.